डिफेन्सचं काम मिळवायचंय? छोट्या वर्कशॉपसाठी पहिल्या ऑर्डरपर्यंतची वाट

भोसरीतल्या आमच्या गल्लीत गेली चार-पाच वर्षं एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "डिफेन्सचं काम मिळतं का हो? अर्ज कुठे करायचा?" विचारणारा बहुधा मोटारीचे सुटे भाग बनवणारा असतो. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी यंत्रं, आठ-दहा माणसं आणि सगळा धंदा एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर. हा लेख त्याच्यासाठी. मीही असंच एक लहान वर्कशॉप चालवतो. पहिली ऑर्डर हातात यायला मला दीड वर्ष लागलं आणि त्यातले निदान आठ महिने केवळ माहिती नसल्यामुळे वाया गेले. तुमचे ते आठ महिने वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी 'अर्ज' हा शब्द डोक्यातून काढा. संरक्षण खात्याची अशी एक खिडकी नाही. सेनादलं, त्यांचे डेपो, संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या, डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खासगी मोठे कारखाने असे कितीतरी खरेदीदार आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी. तुम्ही कोणाच्या दाराशी उभे आहात हे कळलं, की निम्मं काम झालं.

आताच हे दार का ठोठवायचं, तर गेल्या काही वर्षांत खरेदीचे नियम खरोखर बदलले आहेत. २०२० ते २०२३ या काळात सेनादलांसाठी ५०९ वस्तूंच्या याद्या निघाल्या. त्या वस्तू ठरलेल्या मुदतीनंतर देशातूनच घ्यायच्या आहेत. सरकारी संरक्षण कंपन्यांसाठीच्या अशाच याद्यांत आणखी ५,०१२ वस्तू आहेत. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात आधुनिकीकरणाच्या निधीतले ७५ टक्के, म्हणजे सुमारे १ लाख ११ हजार कोटी रुपये, देशांतर्गत खरेदीसाठी राखून ठेवले होते. २०२४-२५ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन दीड लाख कोटींच्या वर गेलं. निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर पोहोचली. हे आकडे मोठ्या कंपन्यांचे वाटतात खरे, पण एका तोफेत हजारो सुटे भाग असतात आणि ते सगळे काही तोफ बनवणारी कंपनी स्वतः बनवत नाही.

पायरी १ : पैसा कोणत्या खिशातून येतो ते ओळखा

इथे घाई करू नका. बहुतेक नवखे इथेच चुकतात.

पहिला खिसा भांडवली खरेदीचा. तोफा, विमानं, जहाजं, रडार यातून येतात. यासाठी 'डॅप २०२०' नावाची कार्यपद्धती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. तिच्यात खरेदीचे प्रकार पसंतीक्रमानं लावलेले आहेत. सगळ्यात वर 'बाय इंडियन-आयडीडीएम', म्हणजे आराखडा आपला, विकास आपला, उत्पादन आपलं आणि किमतीच्या हिशेबानं निदान ५० टक्के भाग देशी. थेट परदेशातून घेणं सगळ्यात खाली. पण ही वाट लांबलचक आहे. गरज ठरते, उद्योगांकडून माहिती मागवली जाते, संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद 'गरज मान्य' करते, मग निविदा, तांत्रिक छाननी, वाळवंटात आणि डोंगरात चाचण्या, भावाची बोलणी. एटॅग्स ही १५५ मिलिमीटरची तोफ पुण्यात पाषाणच्या एआरडीई प्रयोगशाळेनं हाती घेतली २०१३ च्या सुमारास. ३०७ तोफांचा करार झाला मार्च २०२५ मध्ये, सुमारे ६,९०० कोटींचा, भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स या दोघांशी. मध्ये एक तप गेलं. दहा माणसांच्या वर्कशॉपनं या रांगेत स्वतः उभं राहायचं नसतं.

दुसरा खिसा महसुली खरेदीचा. रोजची देखभाल, दुरुस्ती, सुटे भाग, दारूगोळा, कपडे, अवजारं. वर्षाला साधारण एक लाख कोटींची ही खरेदी. ती २००९ च्या नियमपुस्तिकेवर चालायची. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी पुस्तिका, डीपीएम २०२५, लागू झाली आहे. ती मिळवा आणि वाचा. आपल्यासारख्यांना लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी तिच्यात आहेत. देशीकरणासाठी एखादा भाग विकसित करत असाल, तर विकासाच्या टप्प्यात उशिराचा दंड लागत नाही आणि नमुना मंजूर झाल्यावर तो अगदी नाममात्र आहे. एरवीही दंडाची कमाल मर्यादा ५ टक्के असून फारच रेंगाळलात तर १० टक्के. विकसित केलेल्या वस्तूला पाच वर्षांपर्यंत खात्रीच्या ऑर्डरी देण्याची तरतूद आहे. शिवाय आधी आयुध निर्माणींकडून 'आम्ही हे पुरवू शकत नाही' असं पत्र घेतल्याशिवाय बाहेर खरेदी करता येत नसे, ती अट गेली. जुन्या काळात या एका पत्रासाठी फायली महिनोन् महिने अडकलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या बदलाचं मोल कळेल.

तिसरा खिसा सरकारी कंपन्यांचा आणि मोठ्या खासगी कारखान्यांचा, आणि माझ्या मते नवख्यानं सुरुवात इथेच करावी. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झालं आणि ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यातल्या दोघींची मुख्यालयं आपल्याकडे आहेत, म्युनिशन्स इंडियाचं पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात. खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, भंडारा, भद्रावती, अंबाझरी, अंबरनाथ इथले कारखाने यातच आले. ओझरला एचएएल आहे. तिथे तेजस मार्क-१ए ची नवी जुळणी-साखळी १७ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली. मुंबईत माझगाव डॉक, गोव्यात गोवा शिपयार्ड, पुण्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना, तळेगावात एल अँड टी. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कितीतरी शेडमध्ये ओझरसाठी वर्षानुवर्षं जॉबवर्क चालत आलंय. या कंपन्यांना सुटे भाग हवेच असतात, कारण नियमानं त्यांच्यावर देशी हिस्सा दाखवण्याचं बंधन आलंय.

पायरी २ : काय बनवणार ते ठरवा, आणि एकच ठरवा

"आम्ही सगळं बनवतो" असं सांगणाऱ्याला कोणी ऑर्डर देत नाही. तुमचं मशीन, तुमच्या माणसाचा हात आणि तुम्हाला पेलणारा टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, यावरून एक वर्ग निवडा. पिना-बुश, किंवा अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग (आतले भाग बसवायची कवचं), किंवा रबर-धातू जोड, किंवा केबलचे हार्नेस.

मग 'सृजन' पोर्टल उघडा. ऑगस्ट २०२० पासून ते चालू आहे. सरकारी कंपन्या आणि सेनादलं आजवर आयात केलेल्या वस्तू तिथे टाकतात आणि 'ही देशात कोण बनवेल?' असं विचारतात. ३८,००० च्या वर वस्तू तिथे आल्या आहेत आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत १४,००० हून अधिक देशात बनू लागल्या. वस्तूपुढे कोणत्या कंपनीची गरज आहे, पूर्वी किती आयात झाली, पुढे किती लागेल हे दिलेलं असतं. त्यातली मागणीची संख्या नीट पाहा. वर्षाला चार नग लागणाऱ्या वस्तूसाठी फिक्श्चर आणि गेज, म्हणजे भाग पकडायची आणि मापायची खास साधनं, बनवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला, दर ओव्हरहॉलला बदलाव्या लागणाऱ्या एखाद्या साध्या वॉशरची मागणी वर्षानुवर्षं टिकते. मी पहिल्यांदा यादी चाळली तेव्हा विमानाचा एक दिमाखदार भाग निवडला होता. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "शेठ, तो सोडा. रणगाड्याच्या पट्ट्याची पिन बघा. रणगाडा चालला की पिन झिजणारच." त्यांचं ऐकलं म्हणून आज हे लिहू शकतोय.

आवड दाखवलीत की नमुना आणि ड्रॉइंग पाहायला बोलावतात. स्वतः जा, मार्केटिंगच्या माणसाला एकट्याला पाठवू नका. सोबत व्हर्नियर आणि अनुभवी फिटर न्या. ड्रॉइंग पन्नास वर्षांपूर्वीचं, रशियन किंवा ब्रिटिश मानकांवरचं असू शकतं. त्यावरचं पोलाद आज कोणत्या नावानं मिळतं, ते बदलून चालेल का, हे तिथेच लेखी विचारून घ्या. ड्रॉइंगमध्ये बदल मान्य करण्याचा अधिकार खरेदी अधिकाऱ्याकडे नसतो. तो 'एएचएसपी'कडे, म्हणजे त्या वस्तूची अधिकृत सीलबंद कागदपत्रं सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे असतो. तोंडी "चालेल हो" वर विसंबून माल बनवलात तर तो तपासणीत अडकेल आणि "चालेल" म्हणणारे साहेब तोवर बदलून गेलेले असतील.

पायरी ३ : कागदपत्रं

हे लोकांना अवघड वाटतं, पण खरं तर हेच सगळ्यात सोपं. पंधरवड्यात उरकतं.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून २५ कोटींपर्यंत यंत्रगुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'लघु' समजला जातो, त्यामुळे आपल्यापैकी जवळपास सगळेच त्यात बसतात. या नोंदणीचा फायदा खराखुरा आहे. केंद्राच्या खरेदी धोरणानुसार सरकारी खरेदीतला निदान २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, निविदेची अनामत माफ असते, आणि तुमचा भाव सर्वांत कमी भावाच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या भावाशी जुळवून घेऊन तुम्हाला ऑर्डरचा हिस्सा मिळू शकतो. मात्र ऑर्डर मिळाल्यावरची कामगिरीची बँक गॅरंटी माफ नसते. हे विसरून अनेकांची ऐन वेळी धावपळ होते.

त्यानंतर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी, संरक्षण खात्याच्या ई-निविदा पोर्टलवर नोंदणी, त्यासाठी क्लास-३ डिजिटल सही, आणि हव्या त्या सरकारी कंपनीच्या पुरवठादार यादीत नाव. आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र नसेल तर आधी ते घ्या. विमानाच्या कामाला एएस ९१०० लागतं, पण ते काम समोर दिसल्याशिवाय त्याचा खर्च करू नका.

परवाना लागतो का, हा नेहमीचा प्रश्न. पूर्ण शस्त्र, दारूगोळा, चिलखती वाहन, लढाऊ विमान अशा गोष्टींना औद्योगिक परवाना लागतो आणि शस्त्रांना शस्त्र कायदाही लागू होतो. साध्या सुट्या भागांपैकी बहुतेकांना तो लागत नाही. आपली वस्तू यादीत आहे का ते एकदा तपासा. आणि कुठलंही ड्रॉइंग कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे ड्रॉइंगची प्रत सही करून घ्यावी लागते आणि संध्याकाळी कपाटात परत यावी लागते.

पायरी ४ : शॉप फ्लोअर बदला

या लेखातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा.

आमच्या पहिल्या ऑर्डरीत ईएन-२४ पोलादाच्या ३०० पिना होत्या. माल दोन हीटचा आला होता. हीट म्हणजे भट्टीचा एक घाण, आणि प्रत्येक घाणाचं वेगळं रासायनिक प्रमाणपत्र. व्यापाऱ्यानं रॉडच्या टोकांना रंग लावून दिला होता, एका हीटला पिवळा, दुसरीला निळा. बँडसॉवरच्या पोरानं नेहमीच्या सवयीनं रॉड रंगाच्या टोकाकडून कापायला घेतला. पहिल्याच तुकड्याबरोबर रंग गेला. उरलेला रॉड उघडाबोडका. दुपारपर्यंत दोन्ही हीटचे तुकडे एकाच ट्रेमध्ये.

पिना उत्तम झाल्या होत्या. माप मायक्रॉनमध्ये, पृष्ठभाग आरशासारखा. तपासणीला आलेल्या साहेबांनी ट्रेमधून एक पिन उचलली, मायक्रोमीटर न लावताच विचारलं, "याची हीट कोणती?" मी पिवळ्या हीटचं प्रमाणपत्र पुढे केलं. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे, की तुम्हाला वाटतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळा लॉट नामंजूर झाला. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. पण ती पिन चालत्या रणगाड्यात तुटली तर कोणत्या घाणाचं पोलाद कुठकुठल्या गाड्यांत बसलंय हे शोधावं लागतं, आणि ते शोधायची एकमेव वाट म्हणजे माझी नोंदवही. खरेदीदार माझ्याकडून नुसती पिन घेत नाही, तिची वंशावळही घेतो.

तेव्हापासून आमच्याकडे चार नियम आहेत. रॉड नेहमी रंग नसलेल्या टोकाकडून कापायचा. कापण्याआधी हीट नंबर उरणाऱ्या तुकड्यावर पंच करायचा. प्रत्येक ट्रेबरोबर रूट कार्ड, त्यावर हीट, मशीन, कामगार, पाळी, हीट ट्रीटमेंटचा बॅच. आणि प्रत्येक हीटचा बोटभर तुकडा लेबल लावून कपाटात. बाहेरून प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट करून आणत असाल, तर त्या माणसालाही हे शिकवावं लागतं. आमचा हीट ट्रीटमेंटवाला आधी वैतागायचा, आता भट्टीचा तापमान-आलेख स्वतःहून जोडून पाठवतो.

गेज आणि मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्या आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधी पाठवा. तपासणीच्या दिवशी एका प्लग गेजची मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली निघाली, तर बाकी सगळं बरोबर असूनही साहेब परत जातात, आणि त्यांचा पुढचा दिवस तीन आठवड्यांनी मिळतो.

आणखी एक. माल कुठून आला हे आता फार बारकाईनं पाहतात. २०२५ च्या सुरुवातीला चिनी सुटे भाग असल्याच्या कारणावरून लष्करानं सुमारे ४०० मालवाहू ड्रोनचे करार रद्द केल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. देशी हिस्सा मोजताना आयात कच्चा माल, परदेशी रॉयल्टी आणि कर वजा होतात. मोठी कंपनी तिचा हिशेब भरताना तुमच्याकडून दाखला मागणार. तुमच्या बेअरिंगच्या खोक्यावर काय छापलंय ते तिच्या आधी तुम्ही पाहा.

पायरी ५ : भाव काढताना

मोटारीच्या धंद्यातला भाव इथे चालत नाही. तिथे नग लाखांत असतात, इथे शेकड्यांत.

समजा, ५०० बुशची निविदा आहे. नगामागे माल आणि मशीनिंग मिळून २२० रुपये पडतात. त्यावर नफा धरून तुम्ही २५० भरलात आणि सगळ्यांत कमी म्हणून ऑर्डर मिळाली. आता खास गेज बनवायला ४० हजार आणि प्रयोगशाळेच्या चाचण्यांना २५ हजार. ६५ हजार भागिले ५०० म्हणजे नगामागे १३० रुपये. प्रत्येक बुशवर शंभर रुपये तोटा, आणि ऑर्डर अर्ध्यावर सोडलीत तर काळ्या यादीची भीती. असं करून बसलेले दोन चांगले कारागीर मला माहीत आहेत. दोघांनी हे क्षेत्रच सोडलं.

म्हणून निविदा वाचताना आधी शेवटची पानं वाचा. चाचण्या कोणत्या, किती नग तोडून बघणार, ते नग कोणाच्या खर्चानं, तपासणी कोणाची, पॅकिंग कसलं, पैसे कशावर आणि कधी. शंका असतील तर निविदापूर्व बैठकीत विचारा, उत्तर लेखी येतं. आणि जमत नसेल तर निविदा सोडून द्या. पहिल्या वर्षी मी अकरा निविदा वाचल्या आणि दोनच भरल्या.

पायरी ६ : नमुना आणि तपासणी

ऑर्डर आली म्हणजे उत्पादन सुरू करायचं असं नाही. आधी थोडे नग बनवून मंजूर करून घ्यायचे. सेनादलांच्या वस्तूंची तपासणी साधारणपणे डीजीक्यूए करतं, विमानांशी संबंधित असेल तर डीजीएक्यूए. इलेक्ट्रॉनिक्स आणि विद्युत उपकरणं असतील तर जेएसएस ५५५५५ या मानकानुसार उष्णता, थंडी, दमटपणा, धक्के, कंप, खारी हवा अशा चाचण्या लागतात. पुण्यात एआरएआयसारख्या संस्था आणि बऱ्याच खासगी प्रयोगशाळा आहेत, पण रांग असते. ऑर्डर मिळायच्या आधीच प्रयोगशाळेला फोन करून तारखांचा अंदाज घ्या.

तपासणीचा आराखडा, म्हणजे कोणतं माप, कोणत्या साधनानं, किती नगांवर, हे काम सुरू होण्याआधी तपासणी कार्यालयाकडून सही करून घ्या. एकदा ती सही झाली की वाद होत नाहीत.

पायरी ७ : पैसे वेळेवर यायला हवेत

हिशेब असा मांडा. कच्च्या मालाला रोख. बनवायला दोन महिने. तपासणीला एक महिना. मग पाठवणी, मग बिल. पाच-सहा महिने तुमचं खेळतं भांडवल अडकतं. पहिली ऑर्डर तुमच्या उलाढालीच्या एक-दशांशाहून मोठी घेऊ नका, हा माझा आग्रहाचा सल्ला.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असंच धरतात. पण तपासणी तुमच्याच शेडमध्ये, पाठवणीआधी होते, त्यामुळे तपासणीसाठी वाट पाहण्याचे आठवडे या ४५ दिवसांत मोजलेच जात नाहीत. तपासणीची विनंती ईमेलनं, तारखेसह करा आणि पोच जपून ठेवा. उशीर कोणामुळे झाला हे उद्या दाखवावं लागेल.

समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून आपण कचरतो. त्यापेक्षा ट्रेड्सवर नोंदणी करा. तिथे मोठ्या कंपनीनं मान्य केलेलं बिल बँका बोली लावून विकत घेतात आणि पैसे दोन-तीन दिवसांत येतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे ऑर्डर घेतानाच "बिल ट्रेड्सवर मान्य कराल ना?" असं स्पष्ट विचारा.

तुमच्याकडे स्वतःची कल्पना असेल तर

ही वेगळी वाट आहे. आयडेक्स ही २०१८ ची योजना स्टार्टअप आणि लघु उद्योगांसाठी आहे. सेनादलं त्यांच्या अडचणी 'आव्हानं' म्हणून मांडतात, तुम्ही उत्तर सुचवायचं. निवड झाली तर नमुन्यासाठी दीड कोटीपर्यंत अनुदान, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटीपर्यंत, अदितीमध्ये २५ कोटीपर्यंत. तेवढाच वाटा तुम्हालाही घालावा लागतो. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी वेगळा, त्यात प्रकल्पाची मर्यादा ५० कोटी. 'मेक-२' प्रकारात खर्च तुमचा, पण नमुना उतरला तर खरेदी ठरलेली. इथे चिकाटी लागते आणि घरात दुसरं उत्पन्न लागतं. नागपूरच्या सोलर समूहातल्या कंपनीनं डीआरडीओच्या आराखड्यावरून १० लाख हातबॉम्बचा ४०९ कोटींचा करार २०२० मध्ये मिळवला आणि पुढच्याच वर्षी माल द्यायला सुरुवात केली. पण त्यामागे स्फोटकांच्या धंद्यातला दोन दशकांहून अधिक अनुभव होता.

जे अजून सुधारलेलं नाही

नवख्याला केवळ गोड चित्र दाखवणं अन्याय होईल. वरच्या पातळीवरचे नियम झपाट्यानं बदलले, पण ते आमच्या शेडपर्यंत पोहोचताना पातळ होतात. दंड कमी झाला तो सेनादल आणि मोठ्या कंपनीच्या करारात. त्या कंपनीच्या आमच्याशी असलेल्या पर्चेस ऑर्डरीत जुनीच छापील अट असते. आगाऊ रकमेचंही तसंच, वरच्याला मिळते, खालच्याला नाही. माझी मागणी साधी आहे: मूळ कराराची सवलत तिसऱ्या फळीतल्या पुरवठादारापर्यंत तशीच पोहोचवण्याचं बंधन करारातच घाला.

दुसरं, चाचणी. २०२० मध्ये चाचणी केंद्रांसाठी ४०० कोटींची योजना आली, ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची. पण ती २०१८ मध्ये जाहीर झालेल्या उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या संरक्षण कॉरिडॉरकडे झुकलेली आहे. ज्या राज्यात दारूगोळ्याचे इतके कारखाने, एआरडीई, एचईएमआरएल, दिघीची आर अँड डीई, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा डीआरडीओच्या प्रयोगशाळा, तिथल्या लघु उद्योगाला सामायिक चाचणी केंद्र हवंच.

तिसरं, 'सर्वांत कमी भाव' हीच एकमेव कसोटी. गेज-चाचण्यांचा खर्च धरणारा प्रामाणिक माणूस तिथे हरतो आणि न धरणारा जिंकून अर्ध्यावर पळतो. मग सेनादलाचा भाग वेळेवर येत नाही आणि "देशी पुरवठादार भरवशाचे नाहीत" असं म्हणत फाइल पुन्हा आयातीकडे वळते. डॅप २०२० चाही फेरआढावा सरकारनं हाती घेतला आहे. नव्या मसुद्यांवर हरकती-सूचना मागवतात तेव्हा औद्योगिक संघटनांमार्फत आपलं म्हणणं लेखी पाठवा. मी मागच्या वेळी चाचणी खर्च निविदेत वेगळ्या ओळीत दाखवावा, एवढी एकच सूचना पाठवली होती, वरच्या बुशच्या हिशेबासकट.

आता उद्याच्या दिवसाचं काम. उद्यम प्रमाणपत्र काढून ठेवा, सृजनवर तुमच्या मशीनला साजेशा पाच वस्तू शोधून कागदावर लिहा, आणि शॉपमध्ये जाऊन बँडसॉजवळ पडलेला कोणताही एक तुकडा उचलून तो कोणत्या हीटचा आहे हे विचारा. उत्तर आलं नाही, तर पोर्टल बंद करा आणि आधी चौथी पायरी करा.